जनुकांतील फरकांवरून आजाराचे कारण कसे काय ठरवतात?

मासुंदाकाठ (ठाणे पश्चिम)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मेंडेलचे वाटाणे, प्रभावी आणि अप्रभावी गुणधर्म, तीनास एक हे प्रमाण, हे सगळे दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरीही गेल्या महिन्यात वाचलेल्या एका लेखाने मला अडवले आहे, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडते.

माझे वडील 71 वर्षांचे आहेत. त्यांच्या रक्ततपासणीत एचडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, 34 आले. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींनी लगेच उपाय सुचवायला सुरुवात केली. त्यांपैकी एका काकांचे ठाम म्हणणे असे की, रोज थोडे मद्य घेतल्याने एचडीएल वाढते आणि हृदय सुरक्षित राहते, आणि त्याला संशोधनाचा आधार आहे. मी शोध घेतला तेव्हा असे आढळले की एचडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी होतो हे निरीक्षण खरोखरच अनेक दशकांचे आहे. मात्र ज्यांचे एचडीएल जनुकीय कारणाने जास्त असते अशा लोकांचा अभ्यास केल्यावर त्यांना झटका कमी येतो असे दिसले नाही, आणि म्हणून एचडीएल हे कारण नसावे, असाही निष्कर्ष काढला गेला आहे.

मला कळत नाही ते इथेच. कोणालाही औषध दिले नाही, आहार बदलला नाही, फक्त डीएनएतील एक अक्षर वाचले. एवढ्यावरून कार्यकारणभाव कसा सिद्ध होतो? शिवाय एक जनुक शरीरात अनेक कामे करते, असे मीच मुलांना शिकवते. मग त्याचा परिणाम नेमका एचडीएलच्याच वाटेने झाला किंवा झाला नाही, हे कसे ठरवणार? आणि यांतील बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले दिसतात. आपल्याकडे लग्ने शतकानुशतके जातीतच होत आली आहेत, त्यामुळे जनुकेही गटागटांनी वेगळी असणार. ते निष्कर्ष आपल्याला लागू करावेत का? जाणकारांनी कृपया सोपे न करता, पण समजेल असे सांगावे.

खारघरहून

ताई, मी जैवसांख्यिकीचे काम करतो. आपण तीन प्रश्न विचारले असले तरी दुसऱ्याच्या उत्तरावर बाकीचे दोन अवलंबून आहेत. तरी सुरुवात पहिल्यापासून करतो.

निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांना दोन जुनी दुखणी आहेत. समजा, आपण ठाण्यातल्या हजार ज्येष्ठ नागरिकांचे ड जीवनसत्त्व मोजले आणि ज्यांचे कमी आहे त्यांना आजार जास्त आहेत असे आढळले. यात ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आजार झाला असेल, किंवा आजारी माणूस बाराव्या मजल्यावरच्या घरातून खाली उतरतच नसल्यामुळे त्याला ऊन मिळत नसेल. दुसऱ्या शक्यतेत आजार हे कारण आणि कमतरता हा परिणाम ठरतो. तिसरी शक्यता अशी की, उपवनला रोज फिरायला जाणारा माणूस एरवीही बेताने खातो, धूम्रपान करत नाही, वेळेवर डॉक्टरांकडे जातो, आणि त्याची प्रकृती या सगळ्यामुळे चांगली असते. कितीही घटकांचा हिशेब मांडला तरी न मोजलेला एखादा घटक मागे उरतोच.

यादृच्छिक चाचणीत, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कोणाला औषध आणि कोणाला औषध नसलेली नुसती गोळी द्यायची हे ठरवले जाते तेव्हा, ही दोन्ही दुखणी दूर होतात, कारण चिठ्ठीला माणसाच्या सवयी ठाऊक नसतात. आता आपण वर्गात जे शिकवता ते आठवा. आईच्या दोन प्रतींपैकी कोणती मुलाकडे जाईल हे गर्भधारणेपूर्वी, युग्मक तयार होताना, नाणेफेकीसारखे ठरते. वडिलांच्या बाबतीतही तेच. ही चिठ्ठी माणसाच्या जन्माआधीच पडलेली असते. पुढे त्याला कोणता आजार झाला, त्याने कोणता व्यवसाय केला, तो फिरायला गेला की नाही, यांपैकी कशानेही त्याच्या डीएनएतील ते अक्षर बदलत नाही. म्हणून एखाद्या जनुकीय फरकामुळे रक्तातील एखादा घटक जन्मभर थोडा जास्त राहत असेल, तर ते अक्षर असलेले आणि नसलेले असे दोन गट निसर्गानेच पाडलेल्या चाचणीतील दोन गटांसारखे वागतात. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात ते याच कारणाने.

ही कल्पना प्रथम मांडली गेली तो प्रश्न आपल्या प्रश्नाचाच जुना भाऊ आहे. 1980 च्या दशकात असे दिसत होते की ज्यांचे कोलेस्टेरॉल कमी त्यांना कर्करोग जास्त. मार्टिन कातान या डच संशोधकांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून सुचवले की, एपीओई या जनुकाच्या एका प्रकारामुळे काही लोकांचे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असते. कमी कोलेस्टेरॉलमुळेच कर्करोग होत असेल, तर कर्करोगाच्या रुग्णांत हा प्रकार जास्त आढळायला हवा. लपलेला कर्करोगच कोलेस्टेरॉल खाली आणत असेल, तर तो तसा आढळणार नाही. त्या पत्रात आकडेवारी नव्हती, नुसता तर्क होता. पुढे 2003 मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली आणि मग जनुकांची माहिती स्वस्तात मिळू लागल्यावर अभ्यासांचा पूर आला.

दुसऱ्या प्रश्नावर स्वतंत्रपणे लिहितो. तोवर वैद्यकीय बाजू कोणी मांडल्यास बरे होईल.

नौपाडा_वैद्यक

मी चौतीस वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. या काळात माझे स्वतःचे मत याच विषयावर बदलले, म्हणून लिहितो.

एचडीएलविषयी आम्ही विद्यार्थी असताना शंका घेण्यासारखे काही दिसतच नव्हते. म्हणून ते वाढवणारी औषधे तयार झाली. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल 72 टक्क्यांनी वाढवले आणि एलडीएलही, म्हणजे ‘वाईट कोलेस्टेरॉल’, 25 टक्क्यांनी उतरवले. कागदावर याहून चांगले औषध कोणते असावे? पण सुमारे पंधरा हजार रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले आणि डिसेंबर 2006 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत असे, त्यामुळे दोष त्या विशिष्ट रेणूचा की मूळ कल्पनेचा, याबद्दल बरीच वर्षे वाद चालू राहिला.

ताईंनी ज्याचा उल्लेख केला तो अभ्यास बहुधा 2012 मधला असावा. एलआयपीजी या जनुकातील एका फरकामुळे काही माणसांचे एचडीएल सुमारे साडेपाच मिलिग्रॅमने जास्त असते, आणि एलडीएल किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक मेद) यांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. जुन्या निरीक्षणांवरून हिशेब केला तर अशा माणसांत हृदयविकाराचा झटका सुमारे 13 टक्क्यांनी कमी यायला हवा होता. झटका आलेले वीस हजारांहून अधिक रुग्ण आणि पंच्याण्णव हजार इतर माणसे तपासल्यावर तसा काहीच फरक दिसला नाही. वडिलांचे 34 हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. कमी एचडीएल बहुधा पोटाची चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती यांच्या सोबत येते आणि त्या अर्थाने ते इशारा देते. धूर दिसला की आग शोधावी, पण धूर पंख्याने उडवून आग विझत नाही.

एलडीएलची कथा याच्या नेमकी उलट आहे, आणि ती मला जास्त पटवून गेली. पीसीएसके9 या जनुकाचा शोध 2003 मध्ये वंशपरंपरेने फार जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या फ्रेंच कुटुंबांतून लागला. नंतर अमेरिकेत असे लोक सापडले ज्यांच्यात हे जनुक नीट काम करत नव्हते. कृष्णवर्णीय सहभागींपैकी 2.6 टक्के लोकांत असा बिघाड होता. त्यांचे एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होते आणि पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यातील हृदयधमनीच्या विकाराचे प्रमाण 88 टक्क्यांनी कमी निघाले. हे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. 2015 पर्यंत याच प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने मान्यताप्राप्त झाली होती.

आता पुढचा आकडा शांतपणे वाचावा. 27,564 रुग्णांच्या चाचणीत यांपैकी एका इंजेक्शनने एलडीएल 59 टक्क्यांनी उतरवले, पण सव्वादोन वर्षांच्या आसपासच्या काळात झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना कमी झाल्या त्या 15 टक्क्यांनी. जनुकाने अर्ध्याहून कमी उतार देऊन कितीतरी पट लाभ दिला. मला यात विसंगती वाटत नाही. जनुकाचा परिणाम पाळण्यापासून चालू असतो आणि रक्तवाहिनीत मेद साचायला दशके लागतात. साठीत सुरू केलेल्या औषधाला आधीची साठ वर्षे पुसता येत नाहीत. म्हणून जनुकीय अभ्यासातला लाभाचा आकडा उचलून रुग्णाला ‘या गोळीने एवढा फायदा होईल’ असे सांगणे चूक आहे. दिशा त्या अभ्यासाकडून घ्यावी, माप चाचणीकडून.

ऐरोलीकर

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. हल्ली सार्वजनिक संकेतस्थळांवर लाखो लोकांच्या जनुकीय माहितीचे गोषवारे मोफत मिळतात. संगणकावर अर्ध्या दिवसात ‘अमुक घटक तमुक आजाराचे कारण आहे’ असा लेख तयार करता येतो, आणि तसे लेख ढिगाने निघत आहेत. मी जनुकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि आमच्या वाचनगटात असे कित्येक लेख येतात ज्यांत निवडलेले जनुक त्या घटकावर परिणाम का करते याबद्दल एक वाक्यही नसते.

ड जीवनसत्त्वाचेच पाहा. ते शरीरात बनवणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत फरक आहेत, पण माणसामाणसांतल्या ड जीवनसत्त्वाच्या तफावतीचा अगदी थोडा हिस्साच त्यांनी उलगडतो. साधन म्हणून वापरलेले जनुकच इतके दुबळे असेल तर ‘संबंध आढळला नाही’ आणि ‘संबंध नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर उरते. अमेरिकेतील 25,871 लोकांच्या चाचणीतही रोजच्या 2000 एककांनी कर्करोग किंवा हृदयविकार घटला नाही हे खरे, पण त्या लोकांची सुरुवातीची सरासरी पातळीच सुमारे 31 नॅनोग्रॅम, म्हणजे चांगली होती. ज्याची पातळी 8 आहे अशा माणसाबद्दल यातून काय सांगणार? आणि याच जनुकांवरून 2015 मध्ये असेही दिसले की जन्मतः ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा ‘ड जीवनसत्त्व निरुपयोगी’ असा सरसकट मथळा कोणी देऊ नये.

भारताच्या बाबतीत तर मी आणखी साशंक आहे. दूध पचवण्याची क्षमता प्रौढपणीही टिकवणारा लॅक्टेज जनुकाचा प्रकार आपल्या देशात वायव्येकडे जास्त आढळतो आणि आग्नेयेकडे कमी होत जातो. नवी मुंबईत देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आलेली माणसे राहतात. इथल्या लोकांचे नमुने घेऊन त्या जनुकाचा उपयोग ‘दुधाचा हाडांवर परिणाम’ शोधण्यासाठी केला, तर आपण खरे तर पंजाबातून आलेल्यांची तुलना तमिळनाडूतून आलेल्यांशी करत असू, आणि त्यांच्यात दुधाखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या असतात. नाणेफेक निष्पक्ष असते ती एका आईबापांच्या पोटी. सगळ्या समाजाला मिळून एकच नाणे नसते.

खारघरहून

ऐरोलीकर, तुमचे शेवटचे वाक्य मी यापुढे शिकवताना वापरणार आहे. आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळी पद्धत त्याच खुंटीला टांगलेली आहे.

जनुकाने आजारापर्यंत पोहोचण्याची एकच वाट असावी लागते, आणि ती आपण अभ्यासत असलेल्या घटकातून गेलेली असावी लागते. दुसरी चोरवाट असेल तर निष्कर्ष फसतो. ही अट आकडेमोडीने पूर्णपणे सिद्ध करता येत नाही. बरीच जनुके एकत्र घेऊन ती सारखेच उत्तर देतात का, हे पाहण्याच्या युक्त्या आहेत, आणि एक जनुक फटकून वागले तर शंका येते. पण सगळ्या जनुकांना एकाच बाजूची चोरवाट असेल तर तीही युक्ती अपुरी पडते. माझ्या मते सर्वांत समाधानकारक तपासणी ती, जिथे निसर्ग किंवा समाज स्वतःच एक ताळा उपलब्ध करून देतो. तलावपाळीवरच्या काकांच्या मद्याच्या दाव्याची तपासणी अगदी तशी झाली आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत एएलडीएच2 या जनुकाचा असा प्रकार असतो की मद्य घेतल्यावर त्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साचते, चेहरा लाल होतो, मळमळते, आणि साहजिकच अशी माणसे फारसे पीत नाहीत. चीनमधील कडूरी बायोबँक या पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात सुमारे एक लाख साठ हजार जणांची हे जनुक आणि त्याच्या जोडीचे एडीएच1बी अशी दोन्ही जनुके तपासली गेली. 2019 मध्ये निष्कर्ष आले. पुरुषांनी स्वतः सांगितलेल्या मद्याच्या प्रमाणावरून पाहिले तर नेहमीचेच चित्र दिसले: आठवड्याला साधारण 100 ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सर्वांत कमी, न पिणाऱ्यांना त्याहून जास्त. काका सांगतात ते हेच. जनुकांवरून ठरणाऱ्या प्रमाणाशी पडताळल्यावर मात्र थोडे पिणाऱ्यांना कमी धोका दाखवणारा आलेखातला तो खोलगट भाग नाहीसा झाला. मद्य जितके जास्त तितका पक्षाघाताचा धोका जास्त, विशेषतः मेंदूतील रक्तस्रावाचा, आणि थोड्या मद्याने संरक्षण मिळाल्याची कोणतीही खूण नाही. ‘न पिणाऱ्यां’मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे सोडलेली माणसे मिसळलेली असतात, त्यामुळे तो गट अधिक आजारी दिसत होता.

ताळा पुढे आहे. त्याच गावांतल्या, त्याच जनुकांच्या स्त्रियांपैकी नियमित मद्य घेणाऱ्या जेमतेम 2 टक्के होत्या. जनुक मद्याशिवाय दुसऱ्या एखाद्या वाटेने पक्षाघात घडवत असते, तर तो परिणाम स्त्रियांतही दिसला असता. तो दिसला नाही. न पिणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात तेच अक्षर निरुपद्रवी राहिले, यावरून पुरुषांतला परिणाम मद्याच्याच वाटेने आला असे म्हणण्याला बळ मिळते. असा ताळा प्रत्येक प्रश्नाला मिळत नाही, पण लेख वाचताना तो शोधण्याचा प्रयत्न लेखकांनी केला आहे का, हे मी सर्वप्रथम पाहतो. हृदयविकाराच्या झटक्याबद्दल मात्र त्या अभ्यासात स्पष्ट संबंध दिसला नाही, हेही सांगायला हवे.

भारताविषयी. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ही पद्धत आपल्याच प्रश्नावर लावली आहे. ब12 आणि फोलेट ही जीवनसत्त्वे कमी पडली की रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढते. गरोदर मातेचे होमोसिस्टीन जास्त असले तर बाळाचे वजन कमी भरते का, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील आणि म्हैसूरच्या सुमारे हजार मातांवर तपासले गेले. एमटीएचएफआर या जनुकाच्या फरकाने होमोसिस्टीन वाढते, म्हणून तो साधन ठरला. यात एक पेच असतो: बाळाला आईची निम्मी जनुके मिळतात, त्यामुळे परिणाम आईच्या जनुकाचा की बाळाच्या स्वतःच्या, हे वेगळे करावे लागते, आणि त्यांनी तो हिशेब मांडला. 2014 च्या त्या लेखाचा कौल कार्यकारणाच्या बाजूने आहे, मात्र हजार माता या कामाला थोड्याच, त्यामुळे अनिश्चिततेचा पल्ला मोठा राहिला.

याच पुण्याच्या गटाचे दुसरे निरीक्षण आपल्या शंकेशी थेट जुळते. एफटीओ हे जनुक युरोपीय लोकांत वजन वाढवून मधुमेहाचा धोका वाढवते. वजनाचा हिशेब वजा केला की मधुमेहाशी त्याचा संबंध उरत नाही. भारतीयांत मात्र बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, हिशेबात घेऊनही संबंध टिकून राहिला. इथे दुसरी वाट असू शकते, किंवा बीएमआय हे मापच आपल्याकडे अपुरे असू शकते. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3 होता, पण शरीरातील चरबी एकाची 21.2 टक्के आणि दुसऱ्याची 9.1 टक्के निघाली, हे त्यांनी 2004 मध्ये छायाचित्रासह प्रसिद्ध केले होते. जास्त चरबी आपल्या पुणेकरांची. तेव्हा तिकडे एकाच वाटेने काम करणारे ठरलेले साधन इकडे तसेच वापरण्यापूर्वी पुन्हा तपासावे लागते.

ऐरोलीकरांनी म्हटलेल्या ‘एका आईबापांच्या पोटी’ या गोष्टीवरच उपायही उभा आहे. सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केली तर जात, प्रांत, घरची परिस्थिती सगळे सारखे राहते आणि उरते ती शुद्ध नाणेफेक. नॉर्वे आणि ब्रिटनमधील भावंडांवर असे केल्यावर, जास्त बीएमआयमुळे शिक्षण कमी होते असा जो जनुकीय निष्कर्ष आधी निघत होता, तो जवळजवळ विरून गेला. एचडीएल किंवा एलडीएलसारख्या शरीरातील घटकांना हा धोका कमी असतो. शिक्षण, आहार, सवयी यांना फार. आपल्याकडे भावंडांचे मोठे नमुने जमवणे अवघड नाही, मोठी कुटुंबे अजून आहेत. जीनोम इंडिया प्रकल्पाची दहा हजार भारतीयांची माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली, तो पाया आहे, पण अशा अभ्यासांना याच्या कितीतरी पट माणसे आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो.

मासुंदाकाठ (ठाणे पश्चिम)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्त्रियांच्या ताळ्याचा भाग मी दोनदा वाचला आणि वडिलांनाही वाचून दाखवला. एकच शेवटचा प्रश्न. घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीत एका प्रयोगशाळेने शिबिर लावले असून, लाळेच्या नमुन्यावरून ‘हृदयविकाराची जनुकीय तपासणी’ सवलतीत करून देत आहेत. हे सगळे वाचल्यावर वडिलांनी ती करून घ्यावी का? माझ्या काकांना, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाला, 42 व्या वर्षी झटका आला होता.

नौपाडा_वैद्यक

ताई, वरच्या अभ्यासांत जनुकाचा उपयोग कारण शोधण्यासाठी, हजारो माणसांच्या सरासरीवर केलेला आहे. साडेपाच मिलिग्रॅमचा फरक लाख माणसांत उठून दिसतो, एका माणसाच्या भवितव्याविषयी तो जवळपास काहीच सांगत नाही. त्यामुळे शिबिरातली ती तपासणी मी माझ्या रुग्णाला सुचवणार नाही.

पण 42 व्या वर्षीचा झटका ही तुमच्या संपूर्ण प्रश्नातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची माहिती आहे आणि ती शेवटी आली. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला एकाच जनुकातील मोठ्या बिघाडामुळे जन्मापासून एलडीएल फार जास्त असते. त्याची पहिली तपासणी साध्या रक्तचाचणीतच होते. वडिलांच्या अहवालात एचडीएलच्या जवळच एलडीएलचा आकडा असेल. तो औषध नसताना 190 च्या वर असेल, किंवा काकांचा तसा होता असे जुन्या कागदांत सापडले, तर हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. मग तुमची स्वतःची आणि काकांच्या मुलांचीही तपासणी करावी लागेल.

मासुंदाकाठ (ठाणे पश्चिम)

अहवाल आत्ता काढून पाहिला. वडिलांचे एलडीएल 118 आहे, आणि ते कोणतेही औषध घेत नाहीत. काकांचे जुने कागद डोंबिवलीला चुलतभावाकडे आहेत. रविवारी जाऊन पाहते, आणि त्याची स्वतःची रक्ततपासणी झाली आहे का तेही विचारते. तो आता 39 वर्षांचा आहे.